सुंदर चित्रावर संशय घेण्याचं शिक्षण

इंटिरिअर डिझाइन शिकण्यात तीन-चार वर्षं घालवावीत का, या प्रश्नावर सध्या दोन तट पडले आहेत. पहिल्या तटाचं म्हणणं असं, की खोलीचा फोटो टाकला आणि काय हवं ते दोन ओळींत लिहिलं की एआय मिनिटभरात डझनभर पर्याय पुढ्यात टाकतं. मग ड्रॉइंग बोर्डावर मान मोडून घेण्यात काय अर्थ आहे? दुसरा तट डिग्रीवाल्यांचा. हाताच्या रेषेत जीव असतो, यंत्राला संवेदना नसते, अभिरुची घडवावी लागते, असं ते म्हणतात. मी या विषयाच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे दोन्ही बाजू रोज कानावर आदळतात आणि दोन्हींचा सारखाच वैताग येतो. भांडण कितीही कडाक्याचं असलं तरी एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे: डिझायनरचं काम म्हणजे खोलीचं देखणं चित्र काढणं. ते यंत्रानं काढावं की माणसानं, एवढाच काय तो मतभेद.

माझं म्हणणं सरळ आहे. चित्र काढणं हा या शिक्षणातला सगळ्यात स्वस्त भाग आहे आणि तो यंत्राकडे गेला तर खुशाल जाऊ द्यावा. या अभ्यासक्रमातून मला जे मिळालं ते बरोबर उलट्या दिशेचं आहे: सुंदर चित्र समोर आलं की त्यावर संशय घ्यायची सवय. ही खोली खरंच एवढी आहे का, हे दार उघडेल का, हा रंग रात्री असाच दिसेल का, इथे आग लागली तर माणसं बाहेर कशी पडतील? हे प्रश्न आपोआप सुचत नाहीत. ते सुचावेत म्हणून रटाळ वाटणारा, नेटवर कोणी कधी मिरवत नाही असा बराच अभ्यास अंगात मुरावा लागतो. आणि जे कॉलेज तो मुरवत नाही, निव्वळ चकचकीत ड्रॉइंग शीटवर मार्क देतं, त्या कॉलेजच्या डिग्रीला निरुपयोगी म्हणणारे लोक बरोबर आहेत. त्यांच्याशी मला भांडायचंच नाही.

आधी विरोधकांचं जे पटतं ते कबूल करते. अभ्यासक्रमात जुनाट भाग खूप आहे. सॉफ्टवेअरचा पेपर पुस्तकात छापून येईपर्यंत सॉफ्टवेअर पुढे गेलेलं असतं. एका शीटवर सावल्या रंगवण्यात जाणाऱ्या रात्री आणि त्यातून मिळणारं ज्ञान यांचा मेळ बसत नाही. फी परवडत नाही म्हणून बाहेर राहिलेली माणसं आत बसलेल्यांपेक्षा कमी हुशार असतात, असं कोण म्हणेल? आणि इतिहास तर डिग्रीच्या बाजूनं अजिबात नाही. ज्यांच्यापासून हा व्यवसाय व्यवसाय म्हणून ओळखला जाऊ लागला, त्या अमेरिकेतल्या एल्सी डी वुल्फ आधी नटी होत्या. न्यूयॉर्कच्या कॉलनी क्लबचं 1907 मध्ये खुलं झालेलं काम त्यांनी कोणत्याही शाळेच्या प्रमाणपत्राशिवाय केलं आणि काळोख्या, जड पडद्यांनी गुदमरलेल्या खोल्यांची फॅशन मोडीत काढली. जपानचे वास्तुरचनाकार तादाओ आंदो तर आधी मुष्टियोद्धे होते. वास्तुकलेचं रीतसर शिक्षण न घेता त्यांना 1995 चं प्रित्झकर, म्हणजे वास्तुकलेतलं सर्वांत मानाचं पारितोषिक मिळालं. याहून मोठा पुरावा काय हवा?

पण हा पुरावा नेमका कशाचा आहे? आंदोंनी तरुणपणी ल कॉर्बुझिए या वास्तुरचनाकाराच्या आराखड्यांचं पुस्तक मिळवलं आणि ते आराखडे इतक्यांदा गिरवले की पानं काळी पडली, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. पुढे इमारती प्रत्यक्ष बघायला ते देशोदेशी हिंडले. याला अभ्यासक्रम नाही तर काय म्हणायचं? त्यांनी वर्ग टाळला, अभ्यास टाळला नाही. डी वुल्फबाईंकडे पैसेवाल्या ओळखी होत्या; त्यांच्या शिकण्याचा खर्च इतरांच्या घरांनी उचलला. ही सोय किती जणांना असते? शिवाय प्रशिक्षण न घेता उतरलेल्यांपैकी जे तरले त्यांचीच नावं आपल्याला माहीत असतात. बुडालेल्यांची यादी कोणी ठेवत नाही, आणि त्यांच्याबरोबर ज्यांची घरं बुडाली त्यांची तर नाहीच नाही.

एआयचा मुद्दा नवा वाटतो, पण हे नाटक आधी होऊन गेलं आहे. लंडनच्या थॉमस चिपेंडेलनं 1754 मध्ये फर्निचरच्या नमुन्यांचं एक मोठं चित्रमय पुस्तक काढलं. गिऱ्हाइकानं पान उलटायचं, बोट ठेवायचं, आणि हे करून द्या म्हणायचं. पुस्तक अफाट गाजलं. त्याच्याच प्रस्तावनेत एक मजेशीर तक्रार नोंदवलेली आहे: हे नमुने, विशेषतः गॉथिक आणि चिनी धाटणीचे, नुसती दिसायला छान चित्रं आहेत, कोणत्याही कारागिराच्या हातून ती प्रत्यक्षात उतरणार नाहीत, असं धंद्यातलेच काही लोक म्हणत होते. चिपेंडेलनं त्यांना काय उत्तर दिलं? आपण यातला प्रत्येक नमुना बनवून दाखवू शकतो, असं. चित्र सुंदर आहे, असं म्हणून त्यानं वेळ मारून नेली नाही. तो स्वतः कपाटं-खुर्च्या घडवणारा माणूस होता, म्हणून त्याला हे म्हणता आलं. आज एआयनं काढलेली खोली कोणी पुढे केली की माझ्या मनात त्या कारागिरांचाच प्रश्न येतो. बनवून दाखवण्याची जबाबदारी कोण घेतंय?

ही जबाबदारी कशी अंगवळणी पडते ते बघायचं तर पहिल्या सत्रातला मोजमापाचा तास घ्या. रिकामी खोली, टेप. एकीनं शून्याचं टोक कोपऱ्यात दाबून धरायचं, दुसरीनं आकडा वाचायचा, तिसरीनं लिहायचा. समोरासमोरच्या भिंती सारख्या भरतात, सगळ्यांना हायसं वाटतं. मग मॅडम विचारतात, "कर्ण घेतलेत का?" कर्ण घेतले की दोन्हींत तीन-चार सेंटिमीटरचा फरक निघतो. कागदावर चोख आयत असलेली खोली प्रत्यक्षात किंचित कललेली असते. मग ओळंबा सोडला जातो आणि भिंत वर जाताना आत झुकलीय हे कळतं. छताची उंची एका ठिकाणी मोजून भागत नाही, कारण तुळई मध्येच खाली उतरते. खिडकीच्या कट्ट्याची उंची, स्विचबोर्ड जमिनीपासून किती वर, पाइप भिंतीच्या किती पुढे, दाराची चौकट कोपऱ्यापासून किती लांब. आणि या सगळ्याकडे काणाडोळा केला तर? काटकोनात बनवून आणलेलं कपाट कोपऱ्यात सरकवलं की एका बाजूला पाचरीसारखी फट उघडी पडते. फरशीची रेघ भिंतीला समांतर निघते आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत भिंतीपासून पळालेली असते.

यावर उत्तर तयार असतं: लेझर स्कॅनर आहेत, फोनमध्ये सेन्सर आहेत, टेप धरून काय बसता? मान्य. यंत्र हे आकडे आमच्यापेक्षा लवकर आणि अचूक देईल, आणि ते वापरावंच. पण आकडा हातात आला म्हणजे निर्णय झाला असं नाही. कपाट किती कमी मापाचं करायचं, उरलेली फट कोणत्या पट्टीनं झाकायची, फरशीचे कापलेले तुकडे कोणत्या भिंतीकडे ढकलायचे जिथे आत येणाऱ्याची नजर आधी जात नाही, हे कोणी तरी ठरवायचं असतं. हे ठरवताना आपल्यामागून येणाऱ्या सुताराचा, फरशीवाल्याचा आणि त्या खोलीत राहणाऱ्याचा विचार करावा लागतो. टेपनं मोजल्याशिवाय हे कळतच नाही, असा माझा हट्ट नाही. मात्र खोली कधीच चित्राइतकी सरळ नसते, हे कुठे तरी एकदा बोटांनी अनुभवावं लागतं.

रंगाचं तेच. लॅमिनेटचा तुकडा आणि पडद्याचं कापड खिडकीपाशी जुळतं, तेच दोन तुकडे दिव्याखाली नेले की एक पिवळट आणि दुसरं करडं दिसू लागतं. 2700 केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा दिवा आणि 6500 केल्विनचा, म्हणजे पांढऱ्या उजेडाचा दिवा एकाच भिंतीच्या दोन भिंती करतात. स्क्रीनवरचा रंग हा स्वतः उजेड फेकणारा रंग असतो. भिंतीवरचा रंग दुसऱ्याच्या उजेडावर जगतो. हे वाक्य पाठ करायला मिनिट लागतं. ते अंगात भिनायला सॅम्पल हातात घेऊन खोलीभर फिरावं लागतं, दिवसाही आणि रात्रीही.

"पण हे सगळं सजावटीचंच काम आहे ना? चुकलं तर काय, थोडं वाईट दिसेल." हा आक्षेप घेणाऱ्यांना मी बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्हची आठवण करून देते. 28 नोव्हेंबर 1942 च्या रात्री या नाइटक्लबला आग लागली आणि 492 माणसं गेली. आत काय होतं? नकली पामची झाडं, छताला ताणून लावलेलं कापड, मंद उजेड. म्हणजे आज कोणत्याही मूड बोर्डवर, डिझाइनसाठी जमवलेल्या चित्रांच्या फलकावर, शोभेल असं वातावरण. आग त्या सजावटीवरून पसरली. मुख्य वाट एका फिरत्या दारातून होती, ते माणसांच्या गर्दीनं अडकलं. बाहेर पडायच्या इतर वाटांपैकी काही कुलूपबंद होत्या, काही दारं आतल्या बाजूला उघडत होती. रेटा मागून येत असताना आत उघडणारं दार कोण ओढणार? त्यानंतर अमेरिकेत नियम कडक झाले. फिरत्या दाराच्या शेजारी बाहेर उघडणारी साधी दारं हवीत, सजावटीचं सामान सहज पेट घेणारं नको, बाहेरची वाट स्पष्ट दिसायला हवी. आमच्या वर्गात या नियमांचा तास सुरू झाला की निम्मा वर्ग जांभया देतो. मीही दिल्या आहेत. पण त्या जागेचा फोटो त्या संध्याकाळी कोणी काढला असता तर तो किती सुंदर आला असता, हे लक्षात घेतलं की दार कुठल्या बाजूला उघडतं हा प्रश्न क्षुल्लक राहत नाही. चित्रात दार नेहमी बंदच असतं.

आता दुसऱ्या तटाकडे, म्हणजे आमच्याच माणसांकडे वळते. अभिरुची, संवेदना, सर्जनशीलता हे शब्द ते इतक्या सढळ हातानं वापरतात की शिक्षणाचा खरा मुद्दा त्याखाली गाडला जातो. व्हिएन्नात शिकणाऱ्या मार्गारेटे लिहोत्स्कीचं उदाहरण घ्या. 1917 मध्ये ती विद्यार्थिनी असताना कामगारांच्या घरांसाठी एक स्पर्धा निघाली. तिचे प्राध्यापक ऑस्कर श्ट्रनाड यांनी तिला सांगितलं, रेघ ओढण्याआधी कामगार कसे राहतात ते जाऊन बघ. ती वस्त्यांमध्ये गेली, एकेका खोलीत किती जण कोंबलेले असतात ते पाहिलं, मग आराखडा केला आणि स्पर्धा जिंकली. इथे संवेदना होतीच, पण ती आधी पायांनी चालत गेली. पुढे 1926 मध्ये याच बाईंनी फ्रँकफर्टच्या सार्वजनिक गृहप्रकल्पासाठी एक स्वयंपाकघर आखलं, साधारण 1.9 बाय 3.4 मीटरचं. पावलं मोजून, कामाचा क्रम पाहून बसवलेलं. अशी सुमारे 10,000 स्वयंपाकघरं बांधली गेली. आजच्या मोड्युलर किचनचं मूळ तिथे शोधलं जातं.

गोष्ट इथेच संपवली तर ती अभ्यासक्रमाच्या जाहिरातीत शोभेल. पण त्या स्वयंपाकघरावर टीकाही झाली, आणि रास्त झाली. ते एकाच व्यक्तीपुरतं होतं. दुसरं कोणी आत शिरलं की अडचण, मुलांवर लक्ष ठेवत काम करणं कठीण, आणि काम करणारी बाई भिंतीआड एकटी. स्वतः लिहोत्स्कींनी नंतर सांगितलं, की ते आखलं तोवर त्यांनी कधी स्वयंपाक केलाच नव्हता. मला हे वाचून त्या कमी आवडल्या नाहीत, उलट जास्तच आवडल्या. जे त्यांनी जाऊन पाहिलं, मोजलं, ते बरोबर आलं. जे गृहीत धरलं, तिथे चुकलं. ल कॉर्बुझिएनं मापांची जी मोड्युलॉर नावाची पद्धत बसवली तिचा आधार आधी 1.75 मीटरचा आणि मग 1.83 मीटरचा पुरुष होता. तो माणूस जगात किती घरांत राहतो? त्या घरात म्हातारी असते, लहान मूल असतं, चाकाच्या खुर्चीवरचं कोणी असतं. आमच्या पुस्तकांत ‘प्रमाण मापं’ म्हणून छापलेले आकडे कोणाच्या शरीरावरून आले, हे विचारायला वर्गात फार क्वचित शिकवलं जातं. डिग्रीच्या विरोधात जाणारा हा मला सर्वांत धारदार मुद्दा वाटतो आणि आश्चर्य म्हणजे विरोधक तो कधी मांडतच नाहीत.

यावर उपाय अभ्यासक्रमातच आहे, फक्त तो कोपऱ्यात पडलेला असतो. मोकळ्या हॉलच्या जमिनीवर चिकटपट्टीनं आपली बाथरूम खऱ्या मापात आखायची आणि त्यात चाकाची खुर्ची वळवून बघायची. वळायला दीड मीटरचं वर्तुळ लागतं हा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो. तरी खुर्ची वळते तेव्हा पाय ठेवायची पट्टी चिकटपट्टीवरून पलीकडे जाते, म्हणजे भिंतीत घुसते, आणि शीटवर मिरवणारं बेसिन जिथे होतं तिथे गुडघा येतो. अशा वेळी वाद होत नाही. पट्टी उचलायची आणि सरकवायची. फिनलंडचा वास्तुरचनाकार आल्व्हार आल्टो यानं 1933 मध्ये पुऱ्या झालेल्या पाइमिओ क्षयरुग्णालयाची खोली आखताना पेशंट आडवा पडलेला असतो, हे धरून छताचा रंग, दिव्याची जागा, बेसिनमध्ये पडणाऱ्या पाण्याचा आवाजसुद्धा ठरवला होता. उभ्या माणसाच्या डोळ्यांतून काढलेल्या चित्रात यातलं एकही दिसलं नसतं.

ज्युरीबद्दल, म्हणजे आमचं काम सगळ्यांसमोर तपासणाऱ्या परीक्षकांबद्दल बोलल्याशिवाय हा विषय अपुरा राहील. ज्युरीचा जाच खरा आहे. जागरण करून आलेल्या मुलीला सगळ्यांसमोर "यात मजा नाही" असं सुनावून पुढची शीट मागणं याला शिकवणं म्हणत नाहीत, आणि अशानं माणूस कणखर होतो हा समज तर भाकडच. पण ‘मला आवडलं नाही’ आणि ‘हे दार उघडलं की तो ड्रॉवर उघडणार नाही’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यातून ज्युरीची आवड कळते, दुसऱ्यातून खोली कळते. दुसऱ्या प्रकारची टीका चारचौघांत ऐकून घेणं, त्यावर तोंड न फुगवता पेन्सिल उचलणं, हे घरी व्हिडिओ बघून जमत नाही. व्हिडिओ कधी उलट प्रश्न विचारत नाही. एआय तर विचारलं की आधी कौतुकच करतं.

राहिला शेवटचा आणि सगळ्यात वजनदार आक्षेप: कॉलेज कशाला, थेट साइटवर काम करा, कारागिराच्या हाताखाली शिका. मला हा आक्षेप मनापासून आवडतो, कारण सुताराला जे ठाऊक असतं ते आमच्या निम्म्या ज्युरीला नसतं. फक्त ज्या परंपरेचा दाखला दिला जातो तिचा हिशेबही बघावा. इंग्लंडच्या 1563 च्या कायद्यानं कारागिराला धंदा करण्याआधी किमान सात वर्षं उमेदवारी करणं बंधनकारक केलं होतं. सात! जुने उस्ताद झटपट शिकवत होते ही आपल्या घाईची कल्पना आहे. दुसरं असं, की साइट आपल्याला त्याच साइटची रीत शिकवते. तिथे सगळे जण वायर जशी ओढतात तशीच आपण ओढू लागतो. का, हे विचारायला तिथे कोणाला वेळ नसतो, आणि विचारून शिकताना जे चुकतं त्याची किंमत घरमालक मोजतो. कॉलेजात खोटं घर पाडता येतं, पुन्हा पाडता येतं. मात्र कॉलेजनं साइट शेवटच्या वर्षापर्यंत लांबवून ठेवली असेल, तर या युक्तिवादाचा आधार कॉलेजनं स्वतःच काढून घेतला असं मी म्हणेन.

म्हणून माझी मागणी डिग्री वाचवा अशी नाही. रेंडरचे, म्हणजे खोलीच्या चकचकीत चित्राचे मार्क कमी करा, जवळजवळ शून्यावर आणा. ज्युरीपुढे पहिल्यांदा मोजमापाची मळकी, खाडाखोड केलेली शीट ठेवा आणि चित्र सगळ्यात शेवटी. पूर्ण होऊन वर्ष उलटलेल्या एखाद्या घरात विद्यार्थ्यांना पाठवा. कोणतं कपाट वापरात नाही, कोणत्या खुर्चीवर कपड्यांचा ढीग साचतो, कोणता दिवा कोणी लावतच नाही, हे लिहून आणायला सांगा. आणि एआय चोरून वापरलं म्हणून शिक्षा करण्यापेक्षा त्याचाच पेपर काढा. यंत्रानं बनवलेलं एका स्वयंपाकघराचं झगझगीत चित्र द्या आणि तीन तासांत त्याचा प्लॅन (वरून दिसणारा आराखडा) आणि सेक्शन (उभा छेद) मागा: सांडपाण्याचा पाइप कुठून जाईल, वाफ कुठून बाहेर पडेल, ओव्हनचं दार उघडल्यावर मागून माणूस जाईल का, सर्वांत वरच्या फळीपर्यंत कोणाचा हात पोचेल, आणि यातलं काय बनवताच येणार नाही. पहिल्या वर्षी हा पेपर आधी प्राध्यापकांनी सोडवून दाखवावा, अशी आमच्या वर्गातून सूचना आली तर मी हात वर करेन.